भांडण फाटकाशी

६ जानेवारी

ती. बाबांस,
ठिणगीचा शि. सा. न. वि. वि.

पुन्हा पत्रावर आले, कारण फोनवर तुमच्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं झालंय. परवा मी विचारलं की काठी वापरता ना, तर तुम्ही म्हणालात, गाठी कुठेही नाहीत, डॉक्टरांनी नीट तपासलंय. ओतशाळेच्या धडधडाटात उभी हयात काढलेल्या कानांकडून जास्त अपेक्षा नाही. पण ते कानातलं यंत्र टेबलाच्या खणात ठेवायला घेतलं नव्हतं.

ऑपरेशननंतर खुब्याचं दुखणं कसं आहे? व्यायाम करून घ्यायला येणारी ती बाई, तुमची 'छळवादीण', अजून येते ना? तिच्या नावाने शिव्या घालू नका. जावईबुवांचं मत वेगळं आहे. ते म्हणतात, सासरे शिव्या घालतायत म्हणजे तब्येत सुधारतेय.

आता मुद्द्याचं. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी मला कळवलंय की तुम्ही दर रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून काठी टेकत कुठेतरी जाता आणि थेट जेवायच्या वेळी उगवता. युनियनचं ऑफिस रविवारी बंद असतं हे मला पाठ आहे. शिंपीणबाईंना वाटतंय तुम्ही लग्न करताय. तसं असेल तर माझी हरकत नाही, फक्त नवरी मला आधी दाखवा. आईनंतर या घरात कोण येतंय ते मी पारखून घेईन.

चेष्टा सोडून सांगा, कुठे जाता? आई गेल्यापासून तुमचं काही लपवणं मला सोसत नाही.

लोभ आहेच, तो मोजून-मापून नको.

तुमची
ठिणगी

—

१५ जानेवारी

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

शिंपीणबाईंना सांग, शिलाई उसवलीय. लग्न नाही. मी चर्चमध्ये जातो.

वळसे घालून बोलायची मला सवय नाही, तुलाही लावली नाही, म्हणून एका ओळीत लिहून टाकलं. आता खुर्चीत बस आणि पुढचं वाच.

हॉस्पिटलात असताना छळवादीण माझा पाय वाकवताना तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटायची. मी एकदा खेकसलो, की मंत्र घालतेस का? ती म्हणाली, छे, तुम्हाला सहन करायची ताकद मागतेय. कुणाकडे, विचारल्यावर तिने येशूचं नाव घेतलं आणि पाय आणखी वाकवला. मग मी तिच्याकडून शुभवर्तमानाचं पुस्तक मागून घेतलं. हेतू साधा होता. ते वाचून तिला वादात चीत करायचं.

मालकांचा करारनामा वाचतात तसं मी ते वाचलं, पळवाट कुठे आहे ते शोधत. ठिणगे, मला पळवाट मिळाली नाही, माणूस मिळाला. हातात रंधा धरणारा. मोठ्यांच्या तोंडावर खरं बोलणारा. ज्याच्यासाठी लोक काल ओरडत होते आणि आज त्याच्याच विरुद्ध ओरडले, असा. पकडला गेला तेव्हा त्याचे दोस्त पळून गेले. असल्या रात्री मी पाहिल्यात. त्यानंतर माणसं कडवट होतात, मी झालो. तो झाला नाही. मारणाऱ्यांनाही माफ कर म्हणाला. हे मला पचेना. चार वेळा पुस्तक मिटलं, पाच वेळा उघडलं.

घरी आल्यावर एका दुपारी भिंत धरून उभं राहायचा व्यायाम करत होतो. पाय गेला आणि खाली बसलो. लागलं नाही, पण उठता येईना. काठी पलंगाखाली घरंगळलेली. ज्याच्या एका हाकेवर अख्खी पाळी उठून बाहेर यायची, त्या माणसाला स्वतःला उठवता येईना. आधी हसू आलं. मग रडू आलं, तुझ्या आईच्या वेळी आलं नव्हतं तसं. आणि मी मोठ्याने विचारलं, की बाबा रे, तूही एकटा पडला होतास, आहेस का इथे?

आवाज आला नाही, उजेड पडला नाही. पण भट्टीचं दार उघडलं की डोळे मिटलेल्या माणसाच्याही चेहऱ्याला कळतं, तसं मला कळलं. माझ्याशेजारी कुणीतरी फरशीवर बसलं होतं. जन्मभर माझ्यावर प्रेम झालं ते मी जिंकून आणलेल्या गोष्टींसाठी. संप जिंकला की खांद्यावर, हरला की लोक रस्ता ओलांडून पलीकडे. त्यांचा दोष नाही. पण त्या दुपारी मी कुणाच्याही उपयोगाचा नव्हतो, आणि तरी मी त्याला हवा होतो. तेव्हापासून माझ्या आत जी पोकळी होती, जिच्यात मी भाषणं भरत आलो, ती भरलेली आहे. रोज सकाळी उठून तपासतो. आहे.

तू म्हणशील, एकटेपणा. मीही आधी तेच म्हणालो. पण भुकेल्याला अन्न मिळालं म्हणून अन्न खोटं ठरत नाही.

मार्चच्या शेवटच्या रविवारी बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलंय. तू यावंस. जावईबुवांना माझ्या वाटणीच्या दोन शिव्या.

राग आला तरी लोभ सोडू नये.

तुझा
बाबा

—

२४ जानेवारी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी प्रयोगशाळेत वाचलं आणि हातातली परीक्षानळी फुटली. मुली घाबरल्या. रसायनशास्त्राच्या बाईंना त्यांनी असं कधी पाहिलं नव्हतं.

मी येणार नाही.

मी आठ वर्षांची असताना शाळेत प्रार्थनेला सगळ्यांनी हात जोडले आणि मी जोडले नाहीत. तुम्हीच सांगितलं होतं ना, की जे पटत नाही त्याच्यापुढे हात जोडायचे नाहीत? मला मैदानात उभं केलं. कुणीतरी तुम्हाला निरोप दिला आणि तुम्ही कामाच्या कपड्यांत, काजळी लागलेल्या तोंडाने आलात आणि एक शब्द न बोलता माझ्या शेजारी उन्हात उभे राहिलात. बाई, मुख्याध्यापक, सगळे खिडकीतून बघत होते. मला वाटलं होतं, जगात याहून उंच माणूस नाही. त्या दुपारवर मी माझं सगळं आयुष्य बांधलंय. लग्न, नोकरी, सासरच्यांशी घेतलेली भांडणं, सगळं. आता तुम्ही म्हणता की त्या जागी दुसरंच काही होतं. मग मी कशावर उभी आहे?

एका बाईने तुमचा पाय वाकवला आणि त्याबरोबर तुम्हीही वाकलात, एवढंच मला दिसतंय. तुम्ही आजारी होता. आजारी माणसाच्या उशाशी पुस्तकं ठेवणाऱ्यांबद्दल तुम्हीच किती बोलायचात!

तुम्हाला वाटेल मी कठोर आहे. तुमचीच आहे.

औषधं वेळेवर घ्या. लोभ कुठे जात नाही, पण आज तो लिहवत नाही.

ठिणगी

—

९ फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
अध्यक्ष काकांचे अ. आ.

तुझे बाबा, म्हणजे आमची 'तोफ', आणि मी एकाच दिवशी ओतशाळेत लागलो, एकाच साच्यावर हात भाजून घेतले. त्यामुळे हे पत्र कुणाच्या चुगलीचं समजू नकोस.

युनियनचं नवं सभागृह बांधून झालंय हे तुला माहीत असेल. दर्शनी भिंतीवर तुझ्या बाबांची तसबीर लावायची, असं कमिटीने एकमताने ठरवलं होतं. खिळाही ठोकला. तेवढ्यात ही बातमी आली. आता कमिटीत दोन तट पडलेत. क्रेनवाला तर, जो तुझ्या बाबांसाठी तुरुंगात गेला होता, तो टेबलावर मूठ आपटून म्हणाला की तोफेची फुलदाणी झाली, तिची तसबीर कशाला?

तोडगा म्हणून मी तोफेला भेटलो. म्हटलं, मनात काय मानायचं ते मान, तुझ्या मनाला कुणी फाटक लावलेलं नाही. फक्त तो बाप्तिस्मा उद्घाटनानंतर घे, नाहीतर घेऊच नकोस. देवाला काय, पाण्याशिवाय ओळख पटत नाही का? त्यावर त्याने मला चहा दिला आणि विचारलं, की आपण युनियन केली तेव्हा कार्ड खिशात लपवून मालकाला हसून दाखवायचो का?

मी चहा संपवला आणि उठलो. तुला उत्तर सुचलं तर त्याला लिही. त्याने ऐकलं तर तुझंच ऐकेल.

काकांवर लोभ ठेव. वाद झाला तरी मी तुझ्याच बाजूचा, कारण मला बाजू कळेनाशी झालीय.

तुझा
अध्यक्ष काका

—

२० फेब्रुवारी

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र उशीखाली नाही, समोर ठेवलंय. रोज वाचतो.

त्या मैदानाबद्दल. देव नाही, हे मी तुला शिकवलं तेव्हा मला ते खरंच वाटत होतं. पण तुझ्या शेजारी मी उभा राहिलो तो देव नाही म्हणून नव्हे. कुणी कुणाला जबरदस्तीने हात जोडायला लावू नयेत म्हणून. त्यावर मी आजही ठाम आहे. उद्या मी तुला हात जोड म्हणालो, तर माझीच काठी माझ्या पाठीत घाल. तू ज्यावर उभी आहेस ते तसंच आहे, एक वीटही हललेली नाही. आणि वाकलो म्हणतेस, तर हो, वाकलो. जन्मात पहिल्यांदा कुणी न वाकवता.

आता ऐक, गंमत पुढेच आहे. एकीकडे कमिटी म्हणते, बाप्तिस्मा घेशील तर तसबीर नाही. मी कमिटीत जाऊन सांगितलं, की माझं तोंड फार बघण्यासारखं नाही, भिंत मोकळी ठेवा. पण संपाच्या दिवसांत मी तुमच्यासोबत उपाशी राहिलो ते खोटं ठरवाल, तर गाठ माझ्याशी आहे. क्रेनवाल्याने माझ्याकडे पाठ केली. ते लागलं. खोटं कशाला बोलू, फार लागलं.

दुसरीकडे आमच्या चर्चचे पाळक. तरुण आहेत, भले आहेत, पण पहिल्या बाकाला घाबरतात. पहिल्या बाकावर कोण बसतं? ओतशाळेच्या जुन्या मालकांचं कुटुंब. पाळक मला म्हणाले, बाप्तिस्म्याच्या आधी मंडळीसमोर उभं राहून साक्ष द्या, की पूर्वी मी द्वेषाच्या मार्गावर होतो, संप आणि मोर्चे हे माझं पाप होतं. मी म्हटलं, पापं माझ्याकडे ढीगभर आहेत. राग आहे, गर्व आहे, घरापेक्षा गर्दीला दिलेला वेळ आहे. ती मी ख्रिस्तापुढे मांडलीत, हवी तर सगळ्यांसमोर मांडतो. पण भाजलेल्या हातांना मलम आणि पोरांना दूध मिळावं म्हणून काम बंद केलं, ते पाप नव्हतं. जे पाप नाही त्याची क्षमा मागणं म्हणजे देवाला खोटी पावती देणं. पाळक म्हणाले, मग थांबावं लागेल. मी विचारलं, किती? त्यांनी छताकडे पाहिलं.

म्हणजे दोन्ही दारांना कडी. पूर्वी असं झालं असतं तर मी आतून पेटलो असतो. या वेळी नवल वाटलं, आत शांत आहे. ख्रिस्ताकडे माझी मागणी काहीच नाही. त्याने न मागताच दिलंय आणि ते कुणाच्या सहीवर अडलेलं नाही. माझं भांडण फाटकाशी आहे, घरधन्याशी नाही.

पण फाटकाशी भांडायचं कसं, हे मला माहीत आहे. पाळकांना लेखी कळवलंय. मार्चच्या पहिल्या सोमवारपासून चर्चच्या पायऱ्यांवर धरणं धरून बसणार. स्टूल आहे, पाण्याची बाटली आहे, कानातलं यंत्रसुद्धा लावीन.

हसलीस ना? हसलीस तर लोभ आहे असं धरून चालतो.

तुझा
बाबा

—

१ मार्च

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

हसले नाही. जावईबुवा हसले, इतके की चहा सांडला.

दगडी पायऱ्यांवर, या वयात, नवीन खुब्याने! स्टूल पाठ असलेलं घ्या, नाहीतर खुर्चीच न्या. पाठीला उशी घ्या. ऊन चढलं की सावलीत सरका. धरणं सरकलं तरी मोडत नाही, हे तुम्हीच मला शिकवलंय.

माझं मत बदललेलं नाही. तुम्ही चुकताय. पण मी काल काकांना एक पत्र टाकलं आणि एक तुमच्या त्या पाळकांना. काकांना लिहिलं, की माझ्या बाबांच्या मनात काय असावं यावर मतदान घेणारे तुम्ही कोण? आणि पाळकांना लिहिलं, की ज्या संपाला पाप म्हणताय त्या संपामुळे मी शाळेत गेले, आणि आज तुमच्यासारख्यांची पोरं मी शिकवते. बाबांना चूक म्हणायचा हक्क या जगात एका माणसाला आहे. तो माणूस मी. बाकीच्यांनी रांगेतसुद्धा उभं राहू नये.

याचा अर्थ मी येतेय असा नाही.

उशी विसरू नका. लोभ, नाइलाजाने.

ठिणगी

—

२० मार्च

चि. ठिणगीस,
अध्यक्ष काकांचे अ. आ.

तुझं पत्र झोंबलं. झोंबावं म्हणूनच लिहिलं होतंस, तेव्हा पावती देतो.

मी तोफेला उठवायला गेलो होतो, ही पहिली गोष्ट. चर्चच्या पायरीवर तो खुर्ची टाकून बसलेला, पाठीला उशी, आणि गळ्यात पुठ्ठा: मागणी एकच, बाप्तिस्मा. ठिणगे, मी आयुष्यात नाना फलक पाहिले, पण हा वाचून मी रस्त्यातच खाली बसलो. बसलो तो बसलोच. दुपारपर्यंत आपली जुनी माणसं जमायला लागली. साचेवाला, वजनकाटेवाला, दोघे भट्टीवाले, कुणाला दमा, कुणाला मोतीबिंदू. यातल्या एकाचाही देवावर विश्वास नाही. पण धरणं म्हटल्यावर त्यांना घरी बसवेना. साचेवाला येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, की आम्हाला नकोय, पण आमच्या माणसाला हवंय तर मिळालंच पाहिजे. सवयीने एकाने घोषणाही सुरू केली आणि अर्ध्यातच अडकला, कारण जिंदाबाद कुणाला म्हणायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तोफ हसून हसून खोकायला लागला.

क्रेनवाला आला नाही. मी त्याच्या घरी गेलो तर त्याने दार उघडलं नाही.

रविवार आला. मंडळी उपासनेला जमली. ती व्यायामवाली बाई पायऱ्या चढत आली, तोफेकडे पाहिलं आणि आत न जाता त्याच्या खुर्चीशेजारी बसली. मग एक म्हातारी बसली. मग एक जोडपं, कडेवरच्या लेकरासकट. बघता बघता पायऱ्या भरल्या. आत घंटा झाली, पाळकांनी पाहिलं तर पहिल्या बाकावर मालकांचं कुटुंब आणि मागे नुसती लाकडं. ते बाहेर आले.   झग्याचा घोळ सावरून सगळ्यात खालच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, की आज उपासना इथेच करू.

नंतर त्यांच्या खोलीत बोलणी झाली. मी मध्यस्थ, कारण दुसरं कोण? पाळकांनी तोफेला विचारलं, तुम्ही पापी आहात हे सगळ्यांसमोर मान्य कराल? तो म्हणाला, हो. संपाबद्दल? तो म्हणाला, नाही.  मग पाळक म्हणाले, की प्रभूने जी अट घातली नाही ती मी घालत होतो, पहिल्या बाकाकडे बघून. आणि त्यांचे डोळे भरले. तोफेचेही. इतक्या वाटाघाटी केल्या मी, पण दोन्ही पक्ष एकदम रडले असं कधी झालं नव्हतं. मला मध्ये काय करावं ते कळेना, मी पंखा लावला.

तसबिरीचं मात्र जमलं नाही. मतदान पुन्हा घेतलं, आपण हरलो. त्या खिळ्यावर घड्याळ लावणार आहेत. तोफेला सांगितलं तर म्हणाला, बरं झालं, पाळीवर उशिरा येणाऱ्यांना वचक बसेल. पण नंतर बराच वेळ खिडकीतून बाहेर बघत होता.

शेवटच्या रविवारी आहे. यायचं की नाही ते तू बघ. मी जाणार आहे. माझा विश्वास नाही, पण माणूस माझा आहे.

लोभ तुझ्या रागासकट हवा.

तुझा
अध्यक्ष काका

—

२ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुम्हाला मिठी मारली त्यात माझी नवी साडी भिजली. तुमच्याभोवती गर्दी होती आणि मला बस गाठायची होती, म्हणून राहिलेलं लिहिते.

मी शेवटच्या बाकामागे उभी होते. खरं सांगू, पुरावा शोधायला आले होते. कुणी तुम्हाला धरून नेतंय का, कुणी तोंडात शब्द घालतंय का, ते बघायला. हौदाच्या पायऱ्या उतरताना छळवादिणीने आणि काकांनी तुम्हाला धरलं होतं, पण ते खुब्यासाठी. बाकी तुम्हाला कुणीही धरलेलं नव्हतं.

पाळकांनी विचारलं, तुझा ख्रिस्तावर विश्वास आहे का, आणि तुम्ही उत्तर दिलंत. तो फाटकासमोरच्या सभांचा आवाज. लहानपणापासून मी तो ऐकत आले, आणि तो कायम 'आम्ही' म्हणायचा. आमच्या मागण्या, आमचा हक्क. माझा विश्वास आहे, असं तुम्ही म्हणालात तेव्हा लक्षात आलं, की या आवाजात 'माझा' हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकतेय. पहिल्या बाकावरची बाई दचकली. मीसुद्धा.

मग पाणी. वर आलात तेव्हा केस कपाळाला चिकटलेले, तोंड उघडं, आणि तुम्ही हसत होतात. बाबा, तुम्ही जिंकल्यावर कसे हसता ते मला माहीत आहे. हे तसं नव्हतं. याला मी नाव देणार नाही, कारण माझ्याकडे ते नाही. पण मी ते पाहिलं, आणि पाहिलेलं नाकारायला मला माझं शास्त्र शिकवत नाही.

माझा विश्वास नाही. पुढेही बसेल असं वाटत नाही. तुमच्याशी मी यावर भांडत राहणार. आणि एक अट. माझ्या माघारी माझ्यासाठी प्रार्थना करायची नाही. मला न विचारता कुणी माझ्याबद्दल वरच्याशी बोलणी केलेली मला चालणार नाहीत.

लोभ पूर्ववत. व्याजासकट.

ठिणगी

—

९ एप्रिल

चि. ठिणगीस,
अ. उ. आ.

अट रास्त आहे, मान्य. तुझ्या माघारी काही करणार नाही. म्हणून तोंडावर विचारतो. मी आता रोज सकाळी त्याच्याशी बोलतो. काकांचं बोलतो, क्रेनवाल्याचं बोलतो, तुझ्या आईचं बोलतो. तुझ्यापाशी आलो की थांबतो, कारण परवानगी नाही. तिथे थांबणं फार जड जातं.

तर विचारतो: करू का?

नाही म्हणालीस तरी लोभाला हात लावणार नाही.

तुझा
बाबा

—

१६ एप्रिल

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

करा.

पण मला बदल म्हणून सांगू नका त्याला. मी आहे तशी, हात न जोडता, समोर उभी आहे असं सांगा. आणि खरंच कुणी ऐकत असेल, तर मी अशी असतानाही माझ्यावर लोभ असावा, एवढंच म्हणा.

तुमची
ठिणगी